हरेश्वर मयेकर आणि इंजिनाचा घसा

कंपनीने केलेली वस्तू म्हणजे अर्धी कच्ची वस्तू, असं हरेश्वर मयेकराचं ठाम मत होतं. कारागिराला जेवायला घरी जायची घाई होती म्हणून त्याने ती तशीच बाजारात धाडली. उरलेलं काम गिऱ्हाइकाने करायचं. या मताला जागून तो नवी छत्री आणली की आधी तिचा दांडा कापून आखूड करी, आणि मग फारच आखूड झाला म्हणून त्याला वेताचा तुकडा जोडी. बायकोच्या चुलीला त्याने मागून एक जादा भोक पाडलं होतं, धूर लवकर बाहेर जावा म्हणून. धूर लवकर बाहेर गेलाही. पण बाहेर म्हणजे शेजारच्या खोलीत. शेजाऱ्यांनी ते भोक शेणाने लिंपलं, हरेश्वराने पुन्हा पाडलं, आणि असं पाच-सहा वेळा झाल्यावर दोन्ही घरांत बोलणं बंद झालं. "धूर मात्र जातो," हरेश्वर समाधानाने सांगे.

असा हा माणूस लालबागेतल्या अप्पा राऊतांच्या पिठाच्या गिरणीत इंजिन चालवायला होता. देवगडकडचा जन्म, मिसरूड फुटायच्या आधी आगबोटीवर तेल घालायची नोकरी, आणि मग अकरा वर्षं अप्पांकडे. इंजिन बिलायती होतं, जुनं होतं, आणि हरेश्वराच्या मते बाईमाणूस होतं. तो त्याला 'बाय' म्हणे. सकाळी आल्या आल्या तिच्या चाकावरून हात फिरवी, तेल घालताना गोड बोले, आणि ती कुरकुरली तर घरी येऊन पेज धड जेवत नसे.

"माका एकदा सांगा," त्याची बायको शेवंता विचारी, "तुमचा लगीन नेमका कोणाशी झाला?"

"तू घरातली, ती कामावरली."

"कामावरलीचा कौतुक रोज, आणि घरातलीचा कधी ता सांगा."

हरेश्वराची सगळी प्रतिष्ठा त्याच्या उजव्या कानात होती. गिरणीच्या दारात उभा राहून तो आत कुठला नट सैल झालाय ते सांगे. रस्त्याने बैलगाडी गेली तर तिच्या आसाला वंगण कधी घातलं होतं तेही सांगे, आणि गाडीवान उलटून काही बोलायला लागला तर तो कान बदलून उभा राही.

तर अठराशे चौऱ्याण्णव सालची खंडेनवमी आली. त्या दिवशी गिरणी बंद, आणि सगळ्या यंत्रांची पूजा. अप्पांच्या दादरच्या वाडीतून नारळांची गोणी आली. जात्यांना हळदकुंकू लागलं, पट्ट्यांना झेंडूच्या माळा पडल्या. पण बायचा मान वेगळा. तिची वापरलेली वाफ ज्या नळातून बाहेर पडे तो भिंतीतून निघून, दोन-तीन वळणं घेऊन, सरळ छपरावर जाई. हरेश्वर पाच आंब्याची पानं आणि एक निवडक नारळ घेऊन छपरावर चढला, आणि त्या नळाच्या उघड्या तोंडावर त्याने देवघरातल्या कलशासारखा नारळ मांडला. खाली अप्पा, कामगार, बायकापोरं उभी. वरून हरेश्वराने हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा! ह्या बायक वरसभर सुखरूप ठेव, हिच्यार कोणाची वाकडी नजर पडली तर ती दूर कर रे म्हाराजा!" आणि खालून सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!"

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाहतात तो पानं छपरावर पसरलेली आणि नारळ नाही. कावळ्याने नेला म्हणावं तर नारळ नेणारा कावळा अजून जन्मायचा होता. छपरावर चढायची शिडी हरेश्वराच्या कुलपात. मग अर्थ एकच.

"देवान नारळ घेतल्यान!" हरेश्वराने जाहीर केलं, आणि अंगावर काटा आलेला दंड सगळ्यांना दाखवला. पुढचा महिनाभर लालबाग-परळातली कोकणातली माणसं तो नळ बघायला येत होती. हरेश्वर त्यांना छपराकडे बोट करून सगळी हकीकत सांगे, आणि दर खेपेला नारळ थोडा मोठा होई.

नेमकी त्याच सुमाराला बायची तब्येत बिघडली.

आधी नुसती उचकी. चाक फिरताना नळातून 'टक्' असा आवाज येई, थांबे, परत 'टक्'. हरेश्वराच्या कानाने तो पहिल्याच दिवशी पकडला. "उचकी लागली तिका," तो म्हणाला. "बिलायतेत जेणा तिका घडवल्यान ना, तो आठवण काढता." पण उचकीपाठोपाठ धाप आली. तिन्ही जाती एका वेळी ओढणारी बाय, तिसऱ्या जात्याचा पट्टा चढवला की कण्हायची आणि जवळजवळ थांबायची. बॉयलरात कोळसा जास्त, वाफ भरपूर, पण काम कमी. पौष लागला तेव्हा तिसरं जातं कायमचंच उभं होतं आणि गिऱ्हाइकं दाणे उचलून दुसऱ्या गिरणीत नेऊ लागली होती.

एके सकाळी अप्पा दादरहून आले ते भाच्याला घेऊन. हा रघुवीर भायखळ्याच्या तंत्रशाळेत शिकत होता. बुटाला चकाकी, खिशात घड्याळ, आणि बोलण्यात आकडे. त्याने बायभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, "मामा, हिचं आयुष्य संपलं. नवं इंजिन मागवा. नव्याबरोबर कंपनीच माणूस देते, शिकलेला."

अप्पा हरेश्वराकडे न बघता म्हणाले, "हरेश्वरा, तूच सांग बाबा. मी गिरणी चालवू की धर्मशाळा?"

नव्या इंजिनाबरोबर नवा माणूस. म्हणजे बाय भंगारात आणि हरेश्वर घरी. विचार करायची ही वेळ होती. पण तोंड त्याचं नेहमीच विचारापेक्षा पुढे असे.

"अप्पा, आयुष्य कसलं संपतंय? तिचा घसा अरुंद आहे!" अप्पांशी आणि शिकलेल्यांशी बोलताना तो शहरी मराठी बोले, निदान सुरुवातीला. "हा नळ बघा. इथे एक कोपर, तिथे दुसरा, वर तिसरा. तिला श्वास घेता येतो, सोडता येत नाही. तुम्ही नाक दाबून तीन जिने चढून बघा. कंपनीवाल्यांनी घाईघाईत लावलेला नळ आहे तो!"

"कंपनीने हिशेब करून लावलाय," रघुवीर म्हणाला. "सिलिंडर केवढा, वाफ किती, त्यावरून नळ ठरतो. बदलून फारसं काही होत नाही."

"फारसं म्हणजे किती?"

रघुवीरने खिशातलं घड्याळ चाचपलं. "ते... मोजावं लागेल."

"मग मोजा! मी नळ बदलतो, तुम्ही घड्याळ धरा."

ठरलं ते असं: आठ दिवसांत हरेश्वराने नवा नळ बसवायचा. मग नऊ ते अकरा, दोन तास, तिन्ही जाती लावून किती गोणी गहू दळून होतात ते रघुवीरने मोजायचं. बाय तरुण होती तेव्हा दोन तासांत बारा गोणी दळायची. बारा झाल्या तर हरेश्वर आणि बाय दोघंही राहणार. नाही झाल्या तर दोघंही जाणार.

हरेश्वर तडक गिरगावात रामू तांबटाकडे गेला. रामू देवळांसाठी तुताऱ्या करी. हरेश्वराने त्याला जमिनीवर कोळशाने आकृती काढून दिली: खाली आतासारखा पोटरीएवढा नव्हे, मांडीएवढा; वळण एकच, तेही हळूच, हत्तीच्या सोंडेसारखं; आणि वर तोंड पसरट.

रामूने डोकं खाजवलं. "ही तुतारीच झाली की, हरबा. वाजवणार कोण?"

"वाजवूक नको रे! गुपचूप श्वास सोडूक व्हयो."

"मोठं तोंड करून गुपचूप राहिलेला मी अजून कोणी पाहिला नाही," रामू म्हणाला, पण नळ मात्र त्याने झकास केला.

नळ बसला आणि बाय सुरू झाली, तेव्हा लालबागेत दोन म्हशी दावी तोडून पळाल्या. आवाज 'भॉक्! भॉक्!' असा, आणि दर 'भॉक'ला छपरावरून पांढऱ्या वाफेचा लोट. समोरच्या चाळीत भांडी फळीवरून आपोआप पुढे सरकत होती. सोनूबाई कोळीण पाटी घेऊन आली होती, ती गिरणीच्या दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अरं ए हरबा! सकाळधरनं बोंब मारतंय 'म्हावरं घ्या, म्हावरं घ्या', कोणाला ऐकाया येत नाय! माझं म्हावरं आता तुझ्या नळाला घालू का?"

हरेश्वराने कानाला हात लावून नुसतं हसून दाखवलं. त्याला खरोखरच काही ऐकू येत नव्हतं. त्याने तिसऱ्या जात्याचा पट्टा चढवला. बाय कण्हली नाही. थांबलीही नाही. तिन्ही जाती घुमू लागली आणि पिठाने गिरणी पांढरीशुभ्र झाली. अकराच्या ठोक्याला रघुवीरने घड्याळ मिटलं, गोणी मोजल्या, परत मोजल्या.

"बारा," तो म्हणाला.

"किती? ऐकूक येना!"

"बारा!" रघुवीर ओरडला.

"आणखी एकदा!"

अप्पांनी स्वतःच्या खांद्यावरचं उपरणं काढून हरेश्वराच्या खांद्यावर घातलं. इतकंच नव्हे, तर त्यांच्या व्याह्यांची दादरला भाताची गिरणी होती, तिथल्या इंजिनालाही असाच नळ बसवायचा, आणि तो हरेश्वराने येत्या मंगळवारी स्वतः येऊन बसवायचा, असं तिथेच ठरवून टाकलं. रघुवीर खाली मान घालून वहीत काही लिहीत होता. हरेश्वराला त्याची जरा दयाच आली. "शिकाल हळूहळू," तो त्याला म्हणाला.

आता राहिला जुना नळ. तो अंगणात पडून होता. आपल्या मोरीचं पाणी बाहेर सोडायला शेवंताला बरेच दिवस असा नळ हवा होता, म्हणून शनिवारी हरेश्वराने त्याचा खालचा, वळणाचा तुकडा खांद्यावर टाकला आणि घरी आणला. उपरणं अजून अंगावर होतंच. चार दिवस तो ते घालूनच हिंडत होता.

शेवंताने नळ भिंतीला उभा केला, मग आडवा केला, मग दुसऱ्या बाजूने उभा केला.

टक्.

पेजेचा घास हरेश्वराच्या हातातच राहिला.

"परत एकदा उलटो कर," तो म्हणाला.

शेवंताने नळ उलटा केला. टक्. तीच उचकी! दसऱ्यापासून रोज ऐकलेली. हरेश्वर उठला, नळाच्या कोपरात हात घातला, मग चिमटा घातला, मग शेवंताने उलथनं आणून दिलं. आतून जे घरंगळत जमिनीवर आलं ते कोळशासारखं काळं, वाफेने शिजून आक्रसलेलं होतं. पण त्याची शेंडी शाबूत होती आणि शेंडीला कधीकाळी लाल असलेला दोरा होता.

शेवंताने उलथन्याच्या टोकाने तो दोरा उचलून पाहिला.

"ह्यो," शेवंता म्हणाली, "देवान घेतलेलो नारळ काय?"

हरेश्वराने आधी जाऊन दार लोटून घेतलं.

"म्हंजे देवान नाय घेतल्यान. बायन गिळल्यान."

"शेवंता, हळू बोल."

"आणि तीन महिने तिच्या नरड्यात तुमीच घातलेलो नारळ, आणि ती उचक्या देय, आणि तुमी म्हणा बिलायतेतलो माणूस आठवण काढता!" एवढं बोलून शेवंता खाली बसली आणि पदर तोंडात धरून हसली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

हरेश्वराला हसू येत नव्हतं. त्याचं डोकं भराभरा चालायला लागलं होतं. बाय धापायला लागली ती दसऱ्यानंतर. जुना नळ काढला तेव्हा नारळही निघून गेला. मग बारा गोणी कोणी दळल्या? नव्या नळाने, की नारळ गेल्याने? आणि नारळाने असेल, तर दादरच्या गिरणीत काय दाखवायचं? त्या इंजिनाच्या घशात काही नारळ नव्हता. मंगळवारी तिथे तुतारी बसणार, म्हशी पळणार, आणि गोणी वाढणार नाहीत. गप्प राहिलं तर मंगळवारपर्यंत उपरणं टिकेल. सांगितलं तर अप्पा विचारणार, माझी गिरणी तीन महिने कोणी ठप्प केली? आणि मग इंजिन राहील, पण इंजिनवाला जाईल.

"काय करू गो?"

"सांगूचा की नाय ता तुमी ठरवा," शेवंता डोळे पुसत म्हणाली. "पण आधी बघा तरी, त्या तुमच्या तुतारीत काय दम आसा की नाय. माका त्याच्याशिवाय जेवण जाऊचा नाय."

खरं सांगायचं तर हरेश्वरालाही जाणार नव्हतं. नोकरीची भीती एकीकडे, पण 'फारसं म्हणजे किती' हा त्याचाच प्रश्न आता त्याच्याच मानेवर बसला होता. रविवारी गिरणी बंद. सकाळीच दोघं गेली. शेवंताने जन्मात पहिल्यांदा सवतीचं घर आतून पाहिलं. तुतारी उतरवली, जुना नळ आतून धुऊन-पुसून, तिन्ही कोपरांसकट परत चढवला. बायला बघून शेवंता एवढंच म्हणाली, "दिसता तशी बरी आसा. नरडा तेवढा नाजूक."

सोमवारी सकाळी हरेश्वराने वाफेची चावी फिरवली. 'छुक', नेहमीचा, जुना, हळू आवाज. उचकी नाही. त्याने पहिला पट्टा चढवला, दुसरा चढवला, आणि देवाचं नाव घेऊन तिसरा. बाय गुणगुणत तिन्ही जाती ओढू लागली, जशी काही ती कधी आजारी नव्हतीच. समोरच्या चाळीतून कोणीतरी म्हणालं, "सुटलो!" सोनूबाईची बोंब थेट परळापर्यंत गेली.

हरेश्वराला एका डोळ्याने आनंद होत होता आणि दुसऱ्याने रडू येत होतं. अशा वेळी अप्पांची बैलांची दमणी दारात येऊन उभी राहिली. उद्याच्या नळाचं बोलायला ते रघुवीरसह आले होते.

अप्पांनी आधी कान टवकारले. मग वर छपराकडे पाहिलं. "अरे, तुतारी कुठाय?"

हरेश्वराने कोनाड्यातून पानात बांधलेला नारळ काढला आणि दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसा, अप्पांपुढे धरला.

"हे काय?"

"तुमच्याच वाडीतला, अप्पा. खंडेनवमीचा." आणि मग शहरी मराठी सोडून त्याने सगळं एका दमात सांगून टाकलं. "देवान घेऊक नाय. आत पडलो. माझ्याच हातान गेलो."

अप्पांचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. "तीन महिने! तीन महिने माझं जातं उभं, गिऱ्हाईक गेलं, मी नवं इंजिन घ्यायला निघालो, आणि कारण काय, तर माझाच नारळ! हरेश्वरा, तुला मी—"

"मामा, एक मिनिट," रघुवीर म्हणाला. त्याने घड्याळ बाहेर काढलं होतं आणि त्याचे डोळे चमकत होते. "जुन्या नळाने किती दळतंय ते आधी मोजू. ओरडा मग."

हे अप्पांनाही पटलं. नऊ वाजत होतेच. दोन तास तिघंही गव्हाच्या गोणींवर बसून राहिले, आणि अकरा वाजता रघुवीरने मोजलं. अकरा गोणी पुऱ्या. बाराव्या गोणीत पायलीभर गहू दळायचा शिल्लक.

"म्हणजे नव्या नळाचा फायदा दोन तासांत एक पायली," रघुवीर वहीत लिहीत म्हणाला. "कोपर कमी झाले, थोडा फरक पडला. फारसा नाही."

"पण पडलो!" हरेश्वर उसळून म्हणाला. काही झालं तरी ती पायली त्याची होती.

"एका पायलीसाठी अख्ख्या लालबागेच्या म्हशी पळवायच्या?" अप्पा गरजले. "जुनाच नळ राहील. दादरला निरोप धाडा, उद्याचं रद्द. आणि हा माणूस—"

"त्याला ठेवा," रघुवीर म्हणाला. "नारळाचं कोणालाही कळलं नसतं. तरी याने आपलाच नळ उतरवून, खरं काय ते तपासलं. आमच्या शाळेत असं करणारा एकही मास्तर नाही."

अप्पांनी तो काळा नारळ हातात घेऊन कानाशी हलवला. मग त्यांचे खांदे हलू लागले. आधी वाटलं ठसका लागला. पण ते हसत होते. "ठेवतो," ते म्हणाले. "नवं इंजिन घेतलं असतं तर या गृहस्थाने त्यालाही नारळ चारला असता. हिने निदान एकदा पचवलाय." मग हात पुढे करून म्हणाले, "माझं उपरणं?"

हरेश्वराने जड हातांनी उपरण्याची घडी घातली. अप्पांनी ती घेतली, जरा विचार केला, पिठाने भरलेलं ते उपरणं नाकाजवळ नेलं, आणि परत त्याच्याच अंगावर टाकलं. "राहू दे. धुऊनही निघायचं नाही."

पुढच्या खंडेनवमीपासून अप्पांच्या गिरणीत नारळ आधी फोडायचा आणि मग बायपुढे ठेवायचा, असा नियम झाला. फोडल्यावर दोन्ही वाट्या शेवंता स्वतः मोजून घेई. तुतारी वाया गेली नाही. शिमग्याला परळची मंडळी ती मागून नेत, दोघं खांद्यावर धरत आणि तिसरा मागून फुंके. म्हशींचे मालक त्या दिवशी म्हशी आधीच लांब नेऊन बांधत. हरेश्वर मात्र ज्याला त्याला सांगे, की तसा कंपनीचा नळ वाईट नव्हता. पण एक पायली कमीच.

आणि घरी जेवताना त्याला कधी उचकी लागली, आणि एखादा पाहुणा सवयीने म्हणाला, "कोणीतरी आठवण काढतंय वाटतं," की शेवंता ताटावरून उठे, दिवा जवळ घेई आणि म्हणे, "आधी तोंड उघडा बघू."